स्टिकर कडेनं सुटतो

"ताई, किती वर्षं टिकेल?" गाडीवर नाव, जाहिरात किंवा अख्खं रॅपिंग करायला आलेलं गिऱ्हाईक हा प्रश्न विचारतंच. उत्तर द्यायच्या आधी मी उलट विचारते. गाडी उभी कुठे असते? सावलीत की उघड्यावर? धुतं कोण, आणि कशानं? बऱ्याच जणांना हे प्रश्न नको वाटतात. टिकण्याची वर्षं रोलच्या खोक्यावर छापलेली असतात, ती सांगून टाकावीत, अशी त्यांची अपेक्षा असते. खोक्यावर आकडा असतो हे खरं. पण तो उभ्या पत्र्यावर, नीट लावलेल्या कामाचा असतो. त्याच कंपनीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत उष्ण प्रदेशाचा आणि आडव्या पत्र्याचा आकडा वेगळा दिलेला असतो, आणि तो बराच खाली आलेला असतो.

माझं दुकान अंबरनाथ पूर्वेला, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गिऱ्हाईक उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतचं, सगळं एमएच-०५. आनंदनगर एमआयडीसीतल्या कामगारांना ने-आण करणाऱ्या बसगाड्या, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले टेम्पो, जीन्सच्या गाठी वाहणारे छोटे हत्ती, कात्रप-बेलवलीच्या स्कूल व्हॅन, केटरर्सच्या गाड्या आणि रिक्षा तर रोजच्याच. लोक आम्हाला रेडियमवाले म्हणतात. दुकानात चमकणारा रेडियम कमी आणि साधं व्हिनाईल जास्त विकलं जातं, तरी नाव तेच राहिलंय.

इतक्या गाड्यांवर लावून आणि त्याहून जास्त गाड्यांवरून काढून माझं एक मत पक्कं झालंय. स्टिकर मधून जात नाही, कडेनं सुटतो. रंग उडणं वेगळं, ते उन्हाचं काम. पण सुटायला लागतो तो कोपऱ्यापासून, दरवाजाच्या फटीपासून, रिव्हेटच्या भोवतीपासून. बदलापूर लोकल फलाटाला लागली की डब्याच्या बाहेरून लावलेली जाहिरात जवळून बघा. मधला पत्रा गुळगुळीत असतो. खिडकीच्या चौकटीजवळ आणि दरवाजाच्या काठाला मात्र पट्टी उचललेली दिसते, तिच्याखाली काळी धूळ बसलेली असते. छोट्या टेम्पोवरही हेच होतं. म्हणून स्टिकरचं आयुष्य वाढवायचं म्हणजे त्याच्या कडा सांभाळायच्या.

माझे बाबा पेंटर होते. १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर उल्हासनगरची पायाभरणी केली. फाळणीत सगळं सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांनी तिथे एकेका खोलीतून धंदे उभे केले. धंदा आला की टेम्पो आला, आणि टेम्पो आला की त्याच्यावर नाव आलं. बाबा उल्हासनगरच्या कॅम्प चारात रस्त्याकडेला ही नावं रंगवायचे. खारीच्या केसांचा ब्रश, एनॅमलचा डबा, खडूच्या दोन रेघा, आणि त्यांच्यामध्ये 'झूलेलाल', 'आई एकवीरा', 'मलंगगड' अशी अक्षरं एका दमात उतरायची. एनॅमल पत्र्याला घट्ट धरून बसतो. त्याला उचलायला कडच नसते. बाबांनी रंगवलेली नावं गाडी भंगारात जाईपर्यंत राहायची, फिकी झाली तरी.

१९८०च्या दशकात अमेरिकेत संगणकावर अक्षरं कापणारी यंत्रं आली, पुढे काही वर्षांनी आपल्याकडे प्लॉटर आले, आणि दिवसभराचं काम अर्ध्या तासात व्हायला लागलं. मग छपाईचे मोठे प्रिंटर आले, फोटोच गाडीवर लागू लागले. ट्रकच्या मागच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर राज्याच्या परिवहन खात्यानं २०१५ मध्ये बंदी घातली. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली, तेव्हा आमचं नंबर कापायचं कामही आटलं. हे नियम योग्यच आहेत. राहिलं ते गाडीच्या अंगावरचं काम, आणि ते टिकवायचं असेल तर ज्या वस्तूचं ते बनलंय ती वस्तू आधी समजून घ्यायला हवी.

व्हिनाईल म्हणजे पीव्हीसी. आपल्या घरातले पाण्याचे पाइप ज्याचे असतात तेच प्लॅस्टिक. मुळात ते कडक आणि ठिसूळ. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला ते मऊ करायची रीत सापडली. मऊपणा आणणारं द्रव्य, म्हणजे प्लॅस्टिसायझर, त्यात मिसळलेलं असतं, पण ते प्लॅस्टिकशी कायमचं जोडलेलं नसतं. वर्षानुवर्षं तापलं की ते हळूहळू बाहेर निघतं. काही हवेत जातं, काही खाली गमात उतरतं. वरचा पापुद्रा त्यामुळे कडक होतो आणि खालचा गम बिघडतो. दोन्हींचा परिणाम आधी कडेवर दिसतो, कारण कडेला ओढ सगळ्यात जास्त असते आणि धरून ठेवायला गम एकाच बाजूला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक. गाडीवर लावायचं व्हिनाईल दोन रीतींनी बनतं. एकात प्लॅस्टिकचा गोळा तापवून मोठ्या रुळांमधून लाटतात. याला कॅलेंडर्ड म्हणतात. दुसऱ्यात पातळ केलेलं प्लॅस्टिक गुळगुळीत कागदावर ओततात आणि भट्टीतून सुकवून काढतात. हे कास्ट. लाटलेल्या शीटमध्ये ताण शिल्लक राहतो. गाडीवर लागल्यावर, उन्हात तापल्यावर ती आपल्या मूळच्या मापाकडे आखडायला बघते. ओतून बनवलेली शीट ताणाखाली बनलेलीच नसते, त्यामुळे ती फार कमी आखडते. एक जुना टेम्पो दुकानात आला की मी पोऱ्यांना अक्षराची कड दाखवते. अक्षराभोवती केसाएवढी काळी रेघ असते. तो रंग नाही. शीट आत आखडली, मागे गम उघडा राहिला आणि त्यावर धूळ चिकटली. ती रेघ जितकी रुंद, तितकी शीट हलक्या प्रतीची.

गिऱ्हाइकाला वाटतं, जाड म्हणजे मजबूत. इथे ते खरं नाही. कास्ट शीट साधारण ५० मायक्रॉनची असते, कॅलेंडर्ड ७५ ते १०० मायक्रॉनची. हातात घेतलं तर स्वस्तातली शीट जास्त भरीव लागते, आणि लोक तीच मागतात. पातळ शीट पत्र्याच्या वळणात बसते, रिव्हेटवर टेकते आणि तिथेच राहते. जाड शीट वळणावर बसवता येते, पण संध्याकाळपर्यंत ती परत उठायला बघते.

म्हणजे सगळ्यांनी महागडीच शीट घ्यावी का? नाही. टेम्पोच्या हौद्याचा पत्रा सपाट आहे, नाव आणि फोन नंबर टाकायचाय, तर चांगल्या प्रतीची कॅलेंडर्ड शीट पुरते. तिच्यातही दोन प्रती असतात. मोनोमेरिक ही हलकी, एखाद्या हंगामापुरती. पॉलिमेरिकमधलं प्लॅस्टिसायझर सहज बाहेर पडत नाही, ती काही वर्षं धरते. दुकानदाराला हा शब्द विचारा, आणि त्यानं उत्तर टाळलं तर दुसरं दुकान बघा. बंपर, आरशाचं कव्हर, व्हॅनची खोल नक्षी, वळ्यांचा पत्रा किंवा गाडीचं पूर्ण रॅपिंग यासाठी मात्र कास्टच लागते. बंपरवर कॅलेंडर्ड लावून द्या म्हणणाऱ्याला मी काम परत देते.

छापील काम असेल तर त्याच्यावर लॅमिनेशन हवं, आणि लॅमिनेशनही शीटच्याच जातीचं हवं. खाली कास्ट आणि वर हलकं कॅलेंडर्ड लॅमिनेशन लावलं तर वरचा थर आखडताना खालच्यालाही ओढतो आणि कडा वर वळतात. सॉल्व्हंट शाईनं छापलेली शीट प्रिंटरमधून निघाल्या निघाल्या लॅमिनेट करायची नसते. शाईतला सॉल्व्हंट उडायला निदान एक अख्खा दिवस लागतो, आणि त्या वेळात रोल सैल, उभा ठेवावा लागतो, म्हणजे आत हवा खेळते. घाई केली तर तो सॉल्व्हंट आत कोंडतो, गमाला मऊ करतो, आणि महिन्याभरात कोपरे सुटतात. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि निवडणुकीचा महिना या दिवसांत बाजारात असं काम ढिगानं होतं. आज छापा, आज लावा. मिरवणुकीपुरतं हवं असेल तर ठीक. धंद्याच्या गाडीसाठी त्या आठवड्यात कोणाकडेच जाऊ नका.

आता पत्रा. माझ्या लेखी सगळ्यात जास्त आयुष्य इथेच कमावलं किंवा गमावलं जातं. गाडी आदल्या दिवशी साबणानं धुवून, सुकवून यायला सांगते. तरी दुकानात आल्यावर पांढऱ्या कापडानं दरवाजाच्या हँडलखाली पुसलं की कापड पिवळं निघतं. तो हाताचा तेलकटपणा असतो. चाकाच्या कमानीच्या आतल्या ओठावर डांबराचे ठिपके असतात. पेट्रोलच्या झाकणाखाली ओघळ असतो. रबराच्या बीडिंगलगत मेणाचं जुनं पॉलिश साचलेलं असतं. सिलिकॉनचं पॉलिश मारलेल्या गाडीवर तर गम धरायलाच तयार होत नाही. पत्रा आरशासारखा चमकतो आणि स्टिकर सरकतो. आम्ही आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पाणी ७०:३० प्रमाणात घेतो. एका कापडानं ओलं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत लगेच दुसऱ्या कोरड्या कापडानं उचलून घ्यायचं. उडू दिलं तर विरघळलेलं तेल परत तिथेच बसतं. शेवटी बोटाला कापड गुंडाळून फक्त कडा पुन्हा पुसायच्या. कापड पांढरं निघेपर्यंत. मी दुकानात नव्या मुलाला सगळ्यात आधी हेच काम देते आणि बरेच दिवस दुसरं काही देत नाही.

गॅरेजमधून डेंट-पेंट करून थेट आलेली गाडी मी परत पाठवते. लांबी भरून त्यावर मारलेला रंग वरून सुकलेला दिसला तरी आतून सॉल्व्हंट सोडत असतो. त्यावर शीट लावली की बारीक बुडबुडे येतात, आणि काढताना शीटसोबत रंगही निघून येतो. मी निदान तीन-चार आठवडे थांबायला सांगते. गंज आलेल्या पत्र्यावर लावून गंज झाकणं तर पूर्ण चुकीचं. झाकलेला गंज ओल धरून वाढतच राहतो.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सर्फचं पाणी मारून शीट लावतात. सपाट पत्र्यावरच्या अक्षरांना ते चालतं, पाणी रेटून बाहेर काढता येतं. पूर्ण रॅपिंगला मात्र ते नको. वळणात आणि फटीत साबणाचं पाणी अडकतं, गम तिथे धरत नाही. रॅपिंगच्या चांगल्या शीटच्या गमात हवा निघून जायला बारीक नाल्या असतात, त्या कोरड्या लावण्यासाठीच असतात. त्यांत पाणी भरलं तर त्यांचा उपयोगच संपला. मे महिन्यात हे काम आम्ही सकाळी उरकतो. दुपारी तापलेल्या पत्र्यावर शीट टेकताक्षणी चिकटते, सरकवता येत नाही, आणि मग माणूस ती ओढून बसवतो. ओढलेली शीट कधी ना कधी आखडणारच.

चौकोनी पट्टीचा टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो, कारण कापड, पाण्याचा झोत, येणाऱ्या-जाणाऱ्याचं नख, सगळं त्या टोकाला अडकतं. तोच कोपरा कापताना गोल केला तर कितीतरी जास्त दिवस बसून राहतो. यात पैसा लागत नाही, संगणकावर एक क्लिक लागतं. शीट पत्र्याच्या बरोबर काठावर संपवायची नाही. एकतर आत दुमडून न्यायची, नाहीतर काठाच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबवायची. दोन पत्र्यांच्या फटीवरून, रबरावरून शीट न्यायची नाही. तिथे कापून दोन्हीकडे दाबायची. बसगाडीच्या रिव्हेटभोवती हवा राहिली की तिथे पाणी पोचतंच, म्हणून एकेक रिव्हेट गरम करून ब्रशनं दाबावा लागतो. बाजूच्या खोल वळणात शीट बसवल्यावर तिला पुन्हा गरम करावं लागतं. कंपन्या साधारण ९० अंशांच्या वरचं तापमान सांगतात, प्रत्येक शीटचा आकडा वेगळा. एवढं तापलं की शीट जुना आकार सोडून नव्या आकारात स्थिर होते. नुसत्या हाताच्या अंदाजानं हे होत नाही, शंभर-दोनशे गाड्या केलेल्या कारागिरानंही तापमान मोजायची बंदूक वापरावी. तुम्ही गाडी न्यायला गेलात की विचारा, वळणांना शेवटची हीट दिली का?

गाडी घरी गेल्यावर गमाला पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस लागतात. पहिला दिवस पाणी नको. पहिला आठवडा वॉशिंग सेंटर नको. लोक उलट करतात. नवी दिसणारी गाडी आणखी चमकवायला त्याच संध्याकाळी धुवायला नेतात.

मग ऊन. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळीस ओलांडतो. समुद्राचा वारा इथवर उशिरा आणि थकून येतो, आणि मुंबईच्या परिसरात सगळ्यात तापलेल्या गावांत आमचं नाव येतं. दुपारच्या उन्हात गडद रंगाच्या पत्र्याचं तापमान ६० अंशांच्या पुढे जातं. बॉनेट आणि टप यांच्यावर ऊन सरळ पडतं, पावसाचं पाणी आणि धूळ तिथेच साचते, इंजिनाची गरमी खालून येते. दरवाजावरचं काम अजून ठणठणीत असताना टपावरचं काम फाटायला लागतं. म्हणून टेम्पोवाल्यांना मी सांगते, टपावर पैसे घालू नका, ते वाचवा आणि बाजूला चांगली शीट घ्या. स्कूल व्हॅनचं पिवळं अंग तर रंगाचंच हवं. त्यावर फक्त शाळेचं नाव आणि 'स्कूल बस' ही अक्षरं चांगल्या शीटची लावावीत, फिकी झाली की वाट न बघता बदलावीत.

सावलीत उभी करा म्हटलं की लोक झाड शोधतात. बदलापूरला झाड म्हणजे पुष्कळदा जांभूळ. आमच्या जांभळांचं नाव मोठं आहे आणि मला ती प्रिय आहेत, पण मेअखेरीपासून जूनपर्यंत जांभळाखाली गाडी उभी करू नका. गळलेल्या फळाचा डाग पांढऱ्या मॅट शीटमध्ये बसला की उतरत नाही. शिवाय जांभळं खायला आलेली पाखरं आणि रात्रीची वटवाघळं वरून जे टाकतात ते आंबट असतं, उन्हात वाळलं की लॅमिनेशनवर कायमचा वण उठवतं. असं काही दिसलं की खरवडायचं नाही. ओलं कापड त्यावर पाच मिनिटं ठेवायचं, मऊ झालं की उचलायचं. पाण्याची बाटली आणि जुनी मऊ बनियन गाडीत असली म्हणजे झालं.

एमआयडीसीच्या बाजूला रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर सकाळी राखाडी भुकटी असते. ती कोरड्या फडक्यानं पुसू नका. ती भुकटी फडक्याखाली घासली जाते आणि शीटची चमक जाते. आधी पाणी ओता. कव्हर घालणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्यानं हलत राहतं आणि घासतं, पावसाळ्यात त्याच्याखाली ओल कोंडते. कव्हर घालायचं तर धुतलेल्या, सुकलेल्या गाडीवर, आणि हवा जाणारं.

पावसाळा आमच्याकडे नुसता वरून येत नाही. २०१९च्या जुलैअखेरीला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीच्या अलीकडे पाण्यात अडकली, आणि सखल सोसायट्यांमधल्या गाड्या दारापर्यंत बुडाल्या. पुराचा गाळ फटीतून शीटच्या कडेखाली जातो. तो ओला असतानाच साध्या पाण्यानं, हलक्या धारेनं धुवून काढला तर काम वाचतं. वाळून कडक झाला की शीट वर उचलूनच धरतो. साध्या पावसातही कल्याण-बदलापूर रस्त्यावरचा चिखल चाकाच्या कमानीत बसतो. आठवड्यातून एकदा तेवढाच भाग धुवा, सगळी गाडी नाही धुतली तरी चालेल.

धुण्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं. वॉशिंग सेंटरमधला पोरगा प्रेशरची नळी कडेवर तिरकी धरतो, कारण चिखल तिथेच जास्त असतो. झोत तिरका गेला की तो थेट शीटच्या खाली शिरतो. झोत समोरून सरळ, पसरट, आणि हातभर लांबून मारायला सांगा. तिथे उभे राहा आणि सांगा, भिडस्तपणा करू नका. फिरत्या ब्रशांच्या मशीनमध्ये गाडी घालू नका. साधा सौम्य शाम्पू, मऊ कापड, वरून खाली. मॅट शीटवर मेण किंवा पॉलिश मारायचं नाही, डाग पडतात.

आणि डिझेल. ड्रायव्हर मंडळींना डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा फिरवून गाडी चकाचक करायची सवय असते. क्षणभर चमक येते हे मान्य. पण डिझेल कडेखाली झिरपतं, गमाला सोडवतं, आणि पुढच्या धुण्यात ती कड गेलीच म्हणून समजा. बाइकवाल्यांच्या टाकीवरचे स्टिकर झाकणाभोवतीच का सुटतात, त्याचं कारण हेच. पेट्रोल सांडलं की तिथल्या तिथे पुसा.

कड सुटलेली दिसली तर घरी झटपट चिकटणारा गम लावू नका. तो कडक होतो, तडकतो आणि रंगाला कायमचा डाग देतो. सुटलेल्या भागाखाली धूळ गेली असेल तर ती परत चिकटणारच नाही. तेवढा तुकडा दुकानात नीट कापून काढून घ्या, कापलेली कड गोल करून गरम करून दाबून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. पूर्ण गाडी दिलेल्या गिऱ्हाइकाकडून कुठलाही बरा दुकानदार त्याचे पैसे घेणार नाही.

काढायचीही वेळ असते, आणि ती लोक हमखास चुकवतात. उन्हानं प्लॅस्टिसायझर गेलेली शीट पापडासारखी होते. नखानं उचलली की मोडते, हातात दोन इंचही येत नाही. मग एकेक टिकली खरवडत बसावं लागतं, मजुरी नव्या कामाएवढी होते आणि पत्र्यावर ओरखडे येतात ते वेगळेच. भेगा दिसायला लागल्या, कडा जागोजाग वळल्या, की लगेच काढून घ्या. थोडी गरम करून, पत्र्याला जवळजवळ लागून मागे ओढली तर ती सलग निघते. खाली मूळ रंगाची सावली दिसेल, कारण झाकलेला भाग उन्हापासून वाचलेला असतो. त्याला इलाज नाही, काही महिन्यांत ती थोडी मावळते. आणि गाडीचा पूर्ण रंगच बदलणारं रॅपिंग करणार असाल तर आधी कल्याणच्या आरटीओत विचारा. आरसीवर एक रंग आणि रस्त्यावर दुसरा, असं चालत नाही. काचांवर काळी फिल्म लावायला तर माझ्याकडे येऊच नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये त्यावर बंदी घातली, तेव्हापासून मी ती लावत नाही.

एक शेवटचं, आणि हे मी प्रत्येक टेम्पोवाल्याला, प्रत्येक बसच्या ड्रायव्हरदादाला हात जोडून सांगते. मालवाहू आणि प्रवासी गाड्यांना चमकणाऱ्या पट्ट्या लावायची सक्ती आहे: पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला बहुधा पिवळी. या पट्टीच्या आत काचेचे मणी किंवा बारीक लोलक असतात. ज्या दिशेनं प्रकाश येतो त्याच दिशेला ते तो परत पाठवतात, म्हणून मागच्या गाडीला तुमचा टेम्पो लांबून दिसतो. लोलकाच्या पट्टीत हवेचे बंद कप्पे असतात. कड कापली गेली, उचलली गेली की त्या कप्प्यांत पाणी आणि माती शिरते आणि तेवढी पट्टी आंधळी होते. वरून चिखल बसला तरी तेच. कात्रपहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्याच्या रात्री दिवे नसलेले पट्टे आहेत, आणि तिथे बंद पडलेला, पट्टी मळलेला ट्रक पन्नास पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. पट्टी फाळक्याच्या काठाला लावू नका, तिच्यावर दुसरा स्टिकर चिकटवू नका, थिनरनं पुसू नका. कड सुटली की त्याच आठवड्यात बदलून घ्या. आणि पावसाळ्यात रोज संध्याकाळी, गाडी रस्त्यावर काढण्याआधी, मागची लाल पट्टी ओल्या कापडानं एकदा पुसा.